मुलांच्या खेळावर शाळेची सही

यंदा नववींतील कांहीं मुलांनीं संगणकावर शुद्धलेखनाचा एक खेळ रचला. ऱ्हस्व-दीर्घ पारखून बिनचूक शब्द टिपावयाचा, एवढीच त्यांतील युक्ति. तरी मधल्या सुटींत आम्ही शिक्षकही रांगेंत उभे राहिलों, हें कबूल केलें पाहिजे. पुढें तो घरोघरीं न्यावा असें मुलांच्या मनानें घेतलें. त्यांनीं इलेक्ट्रॉनच्या साह्यानें त्याचा इन्स्टॉलर बांधला. इलेक्ट्रॉन प्रत्येक गाठोड्यांत सबंध क्रोमियम ब्राउझर भरून देतो. तेव्हां चिमुकला खेळ उलगडतांच शंभर मेगाबाइटांहून मोठा झाला. असो.

खरी अडचण निराळीच होती. एका मुलानें घरीं तो इंटरनेटवरून उतरवून उघडतांच विंडोजनें निळी पाटी दाखविली: हा प्रोग्राम ओळखीचा नाहीं, सबब थांबविला आहे. मुलांनीं तोड काढली. पांचवी-सहावीच्या मुलांस त्यांनीं चिठ्ठ्या वांटल्या कीं, 'अधिक माहिती' येथें टिचकी मारा आणि 'तरीही चालवा' म्हणा. ही चिठ्ठी वाचून आम्ही अस्वस्थ झालों. एखादा लबाड मनुष्यही अक्षरशः हीच चिठ्ठी लिहील! इशारा ओलांडण्याची संवय मुलांस शाळेंतच लागावी काय?

प्रोग्रामवरील सही म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. सबंध फाईलीवर गणित करून एक सारांश काढितात. एसएचए-२५६ या रीतीनें तो ६४ अक्षरांकांचा होतो. फाईलींत एक टिंब जरी बदललें तरी सारांश पार पालटतो. कर्ता आपल्या गुप्त किल्लीनें त्यावर सही करितो, आणि त्याच्या जाहीर किल्लीनें ती कोणासही पडताळतां येते. किल्ली कोणाची, याची ग्वाही सर्टिफिकेट देणारी संस्था देते. यावरून फाईल कोणाची व वाटेंत ती बदलली काय, इतकेंच कळतें. कर्त्याच्या सद्वर्तनाचा तो दाखला नव्हे. २०१७ सालीं सीक्लीनर या प्रोग्रामची घातक प्रत रीतसर सहीनिशीं लाखों लोकांच्या संगणकांत शिरली होती.

म्हणूनच आमचें मत असें कीं, सही शाळेनें करावी आणि ती डोळे उघडे ठेवून करावी. आमचे एक स्नेही म्हणतात, "खेळच तो! त्यापायीं एवढा खर्च कशाला?" खर्च आहे खरा. ॲपलच्या नोंदणीस सालीना ९९ डॉलर पडतात, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकसाठीं सहीखेरीज ॲपलची तपासणीही हवी. विंडोजचें सर्टिफिकेट निराळें घ्यावें लागतें, आणि तें घेऊनही नव्या प्रोग्रामची ख्याति होईपर्यंत निळी पाटी येऊं शकते. पण ॲपल अज्ञान मुलांच्या नांवें नोंदणी करीत नाहीं. कोणा वडील मनुष्यास पुढें व्हावेंच लागतें. आपण रोज बोनाफाइड दाखल्यांवर सह्या करितों. मुलांच्या कृतीवर करावयास कां कचरावें?

मात्र सहीपूर्वीं दोघां शिक्षकांनीं कोड वाचावा. आम्हीं वाचला, तेव्हां आढळलें कीं इन्स्टॉलर संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार मागत होता. खेळ मुलाच्या स्वतःच्या खात्यांत बसूं शकत असतां घरमालकाची किल्ली मागण्याचें कारण काय? विचारतां मुलें म्हणालीं, "सर, नमुन्यांत तसेंच होतें." तेवढी ओळ त्यांनीं तत्काळ काढली. गुप्त किल्ली तर २०२३ च्या जूनपासून नव्या सर्टिफिकेटांसाठीं सुरक्षित यंत्रांतच ठेवण्याचा नियम आहे. तें यंत्र मुख्याध्यापकांच्या कपाटांत, शाळेच्या शिक्क्याशेजारीं राहावें.

चिठ्ठ्या आम्हीं परत घेतल्या. मुलें रुसलीं. तूर्त तो खेळ प्रयोगशाळेंत ब्राउझरमध्येंच चालतो, आणि सर्टिफिकेटाच्या खर्चाचा अर्ज आम्हीं व्यवस्थापक मंडळाकडे दिला आहे.