डॉक्टर नवा असेल तर आधी तपासणी मागा: बालाघाट जिल्ह्यातील सर्वांना आवाहन



आपल्याकडे डॉक्टर सारखा बदलतो. ताप आला की गावातला दवाखाना, उतरला नाही की बालाघाटचे जिल्हा रुग्णालय, तिथून गोंदिया आणि प्रकरण हाताबाहेर गेले की नागपूर. मजुरीला बाहेर पडणाऱ्यांचा डॉक्टर तर दर हंगामात नवा. त्याच्यापुढे आपण रिकाम्या हाताने बसतो, ‘ताप आहे, अंग दुखते’ एवढेच सांगतो आणि इंजेक्शन घेऊन उठतो. त्याला आपली काही माहिती नसते, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नसते. म्हणून कळकळीने सांगतो, नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाल त्याच दिवशी औषधाबरोबर तपासणीही मागून घ्या. वजन, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, लघवी. आणि आपल्या भागात राहणाऱ्याने, आजवर केली नसेल तर, सिकलसेलची तपासणी.

सिकलसेलबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण रोवणी तोंडावर आली आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, संसर्ग झाला किंवा श्रम फार झाले की असह्य वेदना सुरू होतात. दिवसभर पावसात भिजत, चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या माणसावर हे सगळे एकदमच येते. मग सांधे धरले, वात आहे, थकवा आहे, असे म्हणून दुखण्याची गोळी दिली जाते. लेकराचे डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडफूक होते. रक्ताची एक साधी तपासणी झाली असती तर मूळ दुखणे कळले असते. ते कळले की हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे, लसी आहेत, कोणत्या त्रासात वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे याची समज आहे.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतल्या आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, हे त्याचे उद्दिष्ट. पण हा फक्त गोंड-बैगांचा आजार आहे असे समजून कोणी मागे राहू नका. शेजारच्या विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आढळला आहे, आणि आपली सोयरीक गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पसरलेली आहे.

पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घाबरून जाऊ नका, आणि तिथेच थांबूही नका. ती चाचणी तुम्ही रुग्ण आहात की फक्त वाहक, हे खात्रीने सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. वाहक माणूस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्न जमवतानाच कळलेले बरे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि त्यावरून मुलीला नाकारणे हा तर शुद्ध अन्याय आहे; तपासणी दोघांचीही व्हायला हवी.

पावसाळ्यात मलेरियाही येतो. त्याच्या उपचारात प्रायमाक्वीन देतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांनी पूर्वी कधी लघवी काळपट-लाल झाली असेल तर नव्या डॉक्टरला ते न विचारता सांगा. भरवेलीच्या मँगनीज खाणीत किंवा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत काम केलेल्यांनी तेही सांगा. काम सुटून वर्षे झाली असली तरी सांगा, कारण धुळीचा त्रास उशिरा दिसतो.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतो. सासरी झालेल्या तपासण्यांचे कार्ड तिथेच राहिले तर इथल्या डॉक्टरला रक्तगटापासून सुरुवात करावी लागते. सासूबाईंनी आणि आईने मिळून एवढे पाहावे, की कपड्यांच्या आधी कार्ड पिशवीत जाईल. इथे आल्या आठवड्यात तिची नोंद करा, बीपी आणि हिमोग्लोबिन पुन्हा पाहून घ्या. ११ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर उपचार हवेतच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते, तो दिवस चुकवू नका.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. महिलांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. ‘मला काही होत नाही’ म्हणून टाळू नका. वाढलेला बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही. आशाताई फॉर्म भरायला घरी आल्या की तंबाखू-खर्ऱ्याबद्दल खोटे बोलू नका, तपासणीला कोणी आधी जायचे हे त्या उत्तरावरूनही ठरते.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे. बाहेर रांग मोठी असते, हे आम्ही पाहतो. तरीही नवा रुग्ण आला तर बीपी मोजल्याशिवाय त्याला उठू देऊ नका, आणि आकडा पर्चीवर वाचता येईल असा लिहा.

रोवणी सुरू झाली की कोणालाही सवड मिळणार नाही. म्हणून याच आठवड्यात जवळच्या केंद्रात जा. जुन्या पर्च्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आधार कार्ड सोबत न्या. मिळालेल्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून द्या.