‘शिक्षा’, ‘वनवास’ आणि हिब्रू संदेष्टे

बाबिलोनच्या बंदिवासाला मराठीत ‘वनवास’ म्हणण्याचा मोह आवरणे कठीण जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे साम्य फसवे आहे. रामाचा वनवास निरपराध्याचा, पितृवचनासाठी स्वीकारलेला. इ. स. पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर जळाले. यिर्मयाच्या दृष्टीने ते करारभंगाचे फळ होते. ‘फळ’ म्हणताच आपण कर्मविपाकाकडे वळतो. तोही येथे अपुरा पडतो. कर्मविपाकात कोणी रागावत नाही, कोणी कळवळत नाही; होशेयच्या देवाला मात्र लेकराला चालायला शिकविल्याचे आठवते आणि शिक्षा करताना त्याचेच मन कालवते.

या नात्याला हिब्रूत ‘मुसार’ हा शब्द आहे : दंडही, शिकवणही. मराठी ‘शिक्षा’ त्याच्या अगदी जवळची. संस्कृतातील तिचा शिकवणीचा अर्थ मराठीत दंडाकडे सरकला, तरी ‘शिक्षण’, ‘शिक्षक’ यांत तो टिकून आहे. आमच्या बेल्हे परिसरात पाऊस लांबला की ‘देव कोपला’ म्हणतात. कोप शांत करावयाचा असतो. शिक्षेतून शिकावयाचे असते. इ. स. पू. ५९७ मध्येच नेलेल्या बंदिवानांना यिर्मया घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराचे हित चिंता, असे लिहितो, ते याच अर्थाने.

याच पुणे जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मप्रसाराचे साहित्य म्हणून ते बाजूला ठेवणे सोयीचे असेल, न्याय्य नाही. संस्कृतात पारंगत विदुषीने ‘मुसार’साठी कोठे कोणता मराठी शब्द योजला, एवढी एकच नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने काटेकोरपणे करावी.