कॅनॉलच्या पाळीवरून, काही काम नसताना

मैत्रिणींनो, आपल्या गल्लीतून एकदा नीट बघत चला. चार-पाच घरांआड पडवीत, जिन्याखाली नाहीतर गच्चीवर एखादी लेडीज सायकल दिसेलच. चाकं बसलेली, सीट फाटलेली, हँडलवर कपडे वाळत घातलेले. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना ह्या सायकली मिळतात. (त्याहून लांबच्या पोरींसाठी ती निळी बस.) पोरगी बारावी झाली, लग्न होऊन गेली, सायकल मागे राहिली. तिची आई ती सायकल पुसते, सरकवते, भंगारात द्यायला तिचा जीव होत नाही. पण तिच्यावर बसत नाही. का बसत नाही विचारलं तर उलट आपल्यालाच विचारते, "बसून जाऊ कुठी? कायले?"

हे 'कायले' फार चिवट आहे. बाईने घराबाहेर पडायचं म्हणजे कारण लागतं. दळण, दवाखाना, बचत गटाची मीटिंग, लग्नाचं आवतन. गजानन महाराजांची पालखी पातूरहून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी जाते, तेव्हा सोबत कोस-दोन कोस पायी चालणाऱ्या बायका आपल्या तालुक्यात कमी नाहीत. पायात बळ आहे, दम आहे, घरची परवानगीही मिळते, कारण ते काम देवाचं आहे. पण संध्याकाळी सहज म्हणून सायकल काढली की ओट्यावरून हाक आलीच, "कामधाम नाई का वं तुले?"

कामधाम तर आहेच. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास. या पाच तासांच्या बाईने आठवड्यातून एकदा दोन तास काढावेत आणि ते कोणत्याही कामाला लावू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. वजन कमी करायला नाही, भाजी आणायला नाही. फिरायला.

आता फिरायचं कुठे? मालेगावला ही अडचण खरी आहे. नागपूर-मुंबईचा जुना महामार्ग आणि अकोला-नांदेड रस्ता आपल्याच गावात एकमेकांना भेटतात. दिवसरात्र ट्रक. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, पण त्यावर मोटारसायकललाही बंदी, तिथे सायकलीचं नाव कशाला काढता! शिवाय आपला मुलूख चढउताराचा. काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला महानच्या धरणात आणि पुढे तापीच्या खोऱ्यात जातं, पैनगंगेचं जातं गोदावरीच्या खोऱ्यात. दोन खोऱ्यांच्या कण्यावर राहणाऱ्या माणसाला सपाट रस्ता सहज मिळत नाही, आणि चाळिशीतल्या गुडघ्यांना पातूरचा घाट काही सोसवणार नाही.

सपाट रस्ता असतो तो कॅनॉलच्या कडेला. पाणी आपल्या वजनाने वाहत जावं म्हणून कॅनॉलला अगदी थोडा ढाळ दिलेला असतो. न्हाणीत फरशी बसवताना गवंडी जेवढा ढाळ काढतो, त्याहून कितीतरी कमी. टेकडी आली तर कॅनॉल तिला वळसा घालतो, चढत नाही. आणि त्याच्या पाळीवर, कर्मचाऱ्यांना देखरेख करता यावी म्हणून, रस्ता असतो. म्हणजे सायकलवाल्या बाईसाठी इंजिनिअरने आयताच चढ काढून ठेवलेला आहे.

युरोपात लोकांनी हे केव्हाच ओळखलं. फ्रान्सच्या दक्षिणेला 'कनाल द्यू मिदी' नावाचा २४० किलोमीटरचा कालवा आहे, १६८१ मध्ये पुरा झालेला. त्यातल्या नावा घोडे काठावरून दोराने ओढत. घोडे गेले, त्यांची वाट राहिली, तिच्यावर आता सायकली चालतात. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सुमारे तीनशे किलोमीटरची सायकलवाट आहे. साठी उलटलेली जोडपी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जातात, मध्ये थांबतात, खातात, मुक्काम करतात. कोणाला मागे टाकायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या बायकांचं वेगळं. मग तमिळनाडूतलं पुदुक्कोट्टई बघा. १९९१ च्या सुमारास तिथल्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली आणि लाखभर खेडुत बायका सायकल चालवू लागल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या सेविका. पी. साईनाथ यांच्या 'दुष्काळ आवडे सर्वांना' या पुस्तकात ती हकिकत आहे, वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. बसची वाट बघणं सुटलं, हा फायदा झालाच. पण त्या बायकांना सर्वांत मोठी वाटली ती मोकळीक, आणि ती पैशात मोजता येत नाही.

आमच्या गटातल्या नऊ जणी गेल्या पौषात जवळच्या एका लघुप्रकल्पाच्या कॅनॉलवर गेलो. सायकली बहुतेक मुलींच्या. दोघींना चालवता येत नव्हती, त्यांना आळीपाळीने कॅरिअरवर घेतलं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला हरभरा आणि गहू. भाकरी, ठेचा, कांदा बांधून घेतला होता. वाटेत एका शेतकरीदादांनी अदबीने विचारलं, "ताई, कायचा सर्वे हाय?" आम्ही म्हटलं, कायचाच नाही, फिरायला आलो. त्यांचा काही विश्वास बसला नाही. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, तीन तास लागले, त्यातला एक तास नुसता गप्पांचा. परतताना पन्नाशीच्या एक काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून आज पह्यल्यांदा मी घरातल्या कोणासाठी काई आणाले म्हणून नाई निघाली."

म्हणून पाटबंधारे खात्याकडे आणि ग्रामपंचायतींकडे मागणं आहे, आणि ते फार मोठं नाही. पाळीवरची वेडी बाभूळ वर्षातून एकदा तोडा. खड्ड्यांत मुरूम टाका. गेटजवळ आणि पुलाजवळ कठडे लावा. पर्यटनाच्या कमानी आणि रंगीत दिवे नकोत. नव्या योजनांत पाणी बंद पाइपातून नेतात. पाणी वाचतं, चांगलंच आहे, पण पाइपाला पाळ नसते. तेव्हा जे कॅनॉल आज आहेत, त्यांचे रस्ते तरी राखा. शेतकऱ्याच्या बैलगाडीलाही ते लागतातच.

जायचं ठरवलंत तर काही गोष्टी सांभाळा. रस्ता खात्याचा आहे, आधी कर्मचाऱ्याच्या कानावर घाला. एकटीने जाऊ नका, चौघी-पाच जणी असा. एकीमागे एक चाला, तेही पाण्यापासून लांबच्या बाजूने. अस्तरीकरण केलेल्या कॅनॉलच्या उतारावर शेवाळ असतं, हातपाय धुवायलाही खाली उतरू नका. कोणी पडलंच तर मागे उडी न टाकता ओढणी किंवा दोर फेका. साडी नेसत असाल तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी हवीच. बाभळीचे काटे म्हणजे पंक्चर ठरलेलं, म्हणून निदान हातपंप आणि चिकटपट्टीचं सामान एकीच्या पिशवीत असावं. पावसाळ्यात मात्र नको, काळी माती मडगार्डात भरली की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

रब्बीचं पाणी साधारण दिवाळीनंतर सुटतं. तोवर पडवीतली सायकल दुकानात टाका. ट्यूब, टायर आणि ब्रेकचे रबर बदलले की ती बहुतेक चालू होते. सीट मात्र आपल्या उंचीला बसवून घ्या, मुलीच्या नाही. पायडल खाली गेलं की गुडघा थोडासाच वाकलेला राहायला हवा.