जुनेच औषध, नवे वेष्टन आणि वीस वर्षांची मक्तेदारी

इन्शुलिन हे प्रथिन. गोळीतून घेतले तर जठरातच पचून जाते, म्हणून मधुमेही माणसाला सुई टोचून घ्यावी लागते. यावर उपाय म्हणून प्रयोगशाळांत हायड्रोजेलवर काम चालू आहे. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे जाळे. समुद्रशेवाळातून निघणाऱ्या अल्जिनेटचे जाळे जठराच्या आम्लात (पीएच १ ते ३) आकसून औषध सांभाळते. आतड्यात पीएच ६-७ झाला की फुगून औषध सोडते. कोळंबीच्या कवचापासून होणारे कायटोसान उलट आम्लात फुगते. कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता थोडी जास्त असते, म्हणून तेथे ते वापरून पाहिले जात आहे. हेच जाळे नॅनोमीटरच्या मापात विणले की नॅनोजेल.

विज्ञानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न मालकीचा आहे. औषधाचे पेटंट संपले की दुसऱ्या कंपन्या तेच औषध स्वस्तात काढतात. पण त्याच औषधाला नवे वेष्टन देऊन आणखी २० वर्षांची मक्तेदारी मागितली तर? पेटंट कायद्यात २००५ साली आलेले कलम ३(डी) येथे उपयोगी पडते. ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत भरीव वाढ करीत नसेल, तर त्याला पेटंट नाही. रूप कशाला म्हणावे याच्या यादीत 'कणांचा आकार' स्पष्टपणे लिहिलेला आहे. नॅनोवाल्यांनी हे वाचलेले असते, आपण वाचत नाही!

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील दावा फेटाळला. औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषले जाते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारले, त्यामुळे रोग अधिक बरा होतो याचा पुरावा कुठे आहे? हायड्रोजेललाही हाच प्रश्न विचारावा लागेल. इन्शुलिनची सुई खरोखर सुटली, तर ती भरीव सुधारणाच म्हणावी लागेल. नुसते 'हळूहळू सुटते' एवढ्यावर मक्तेदारी देता येणार नाही.

आणि कच्चा माल कुणाचा? मन्नारच्या आखातात मच्छिमार स्त्रिया पाण्यात बुड्या मारून शेवाळ काढतात. जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये लाभाच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचतो तो शेवाळाचा भाव, पेटंटचा नफा नव्हे.

कलम २५(१) प्रमाणे पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधावरील जॉन्सन अँड जॉन्सनचा मुदतवाढीचा डाव २०२३ मध्ये अशाच हरकतीने उधळला गेला. हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः क्षयरोगातून वाचलेल्या होत्या. २०२४ च्या नियमांनी या हरकतीवर शुल्क लावले आणि ती ऐकायची की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार कंट्रोलरला दिला. दार अरुंद झाले, बंद झालेले नाही. अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये प्रसिद्ध होतात आणि ते कुणालाही फुकट वाचता येते. आपल्या तरुण वकिलांनी आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी मिळून ते चाळायला सुरुवात करावी.