फी माफक, खाट महाग

सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दिल्लीचा हिशेब मांडला जातो. दिल्ली विद्यापीठ, जामिया किंवा जेएनयूची फी पाहिली तर ती पुण्या-मुंबईतल्या कित्येक खासगी महाविद्यालयांपेक्षा कमी भरते. सोनीपत किंवा नोएडाच्या खासगी विद्यापीठांशी तर तुलनाच नको, तिथे वर्षाचा खर्च काही लाखांत जातो. मग सरकारी विद्यापीठात जागा मिळत असेल तर पोरीला पाठवू या, असे ठरते. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही नामांकित महाविद्यालयांनी पहिल्याच यादीत शंभर टक्क्यांची अट लावली होती. तेव्हा सढळ गुण न देणाऱ्या मंडळांची मुले आपोआप बाहेर राहिली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांना एकच प्रवेश परीक्षा आली आणि या मुलांना निदान एका मापाने मोजले जाऊ लागले. या परीक्षेचे दोष अनेक असले तरी एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल. मात्र जागा मिळालेल्या मुलीने रात्री पाठ कुठे टेकायची, याचे उत्तर त्या परीक्षेत नाही, विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नाही आणि सरकारच्या बहुतेक योजनांतही नाही. दिल्लीतल्या शिक्षणाची खरी किंमत फीच्या पावतीवर दिसत नाही, ती घरमालकाच्या हातात पडते. उच्च शिक्षणाची मदत आखताना हे वास्तव आपण सतत नजरेआड करत आलो आहोत.

दिल्ली विद्यापीठाच्या नव्वदच्या आसपास महाविद्यालयांपैकी जेमतेम वीसेक ठिकाणी वसतिगृहे आहेत. तिथल्या मोजक्या जागाही पुन्हा गुणवत्ता यादीने वाटल्या जातात. उरलेल्यांना कमला नगर, विजय नगर, हडसन लेन, सत्य निकेतन, मुनिरका अशा वस्त्यांतल्या पीजींचा आधार. शिक्षणसंस्थांबाहेरच्या वसतिगृहांच्या निवासशुल्कावर जीएसटी लावू नये, असे जीएसटी परिषदेने जून २०२४ मध्ये ठरवले, तेव्हा त्यासाठी दरडोई दरमहा २० हजार रुपयांची मर्यादा घातली. विद्यार्थ्याच्या एका खाटेचे भाडे कुठवर जाऊ शकते, याचा अंदाज त्या मर्यादेतच आहे. आपण खोली आणि जेवण मिळून १२ हजारच धरू. दहा महिन्यांचे १ लाख २० हजार होतात. त्यावर अनामत, दलाली आणि मेट्रोचे भाडे, कारण दिल्ली मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आणि २०२२ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२५ मध्ये त्या वर्षात पोहोचली. चौथ्या वर्षाच्या शैक्षणिक लाभांवर भरपूर बोलले गेले. चौथ्या वर्षाचे भाडे कोण भरणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

बाजार आपली व्यवस्था करतो, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी या बाजाराची अवस्था पाहावी. दिल्ली भाडे नियंत्रण कायदा १९५८चा आहे आणि दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना तो लागूच नाही. म्हणजे आजच्या जवळजवळ कोणत्याही पीजीतल्या मुलाला त्याचे संरक्षण नाही. जून २०२३ मध्ये मुखर्जी नगरातल्या शिकवणीच्या इमारतीला आग लागली, तेव्हा मुले दोराला लटकून खाली उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच भागात मुलींचा पीजी पेटला. जुलै २०२४ मध्ये ओल्ड राजिंदर नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून यूपीएससीची तयारी करणारे तिघे बुडून मेले. प्रत्येक वेळी चौकशी झाली, इमारतींना टाळी लागली आणि मुले पुढच्या गल्लीतल्या तशाच खोल्यांत गेली. जाणार कुठे?

आता मदत कशाला मिळते ते पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२१च्या नियमांनुसार साध्या पदवीच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला त्यात फीव्यतिरिक्त वर्षाला ६,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला पाचशे. शैक्षणिक कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत पूर्ण व्याजमाफी आहे, पण ती साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलांना. इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना ती नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराची अट गेली, हे चांगलेच झाले. तरी शेवटी ते कर्जच. महाराष्ट्राची स्वाधार योजना या बाबतीत शहाणी आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुणे-नागपुरात भोजन, निवास आणि निर्वाहासाठी ती वर्षाला ६० हजार देते. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही त्याच जाणिवेतून आला. पण या योजना राज्याच्या हद्दीवर थांबतात. गंमत म्हणजे बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्याच संस्था यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत राहणाऱ्यांना विद्यावेतन देत आल्या आहेत. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत राहायला पैसे देणे राज्याला पटते, तर पदवीसाठी का पटू नये?

मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये १७,५०० रुपये वेळेत न भरल्यामुळे धनबादच्या आयआयटीतली जागा गमवावी लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२व्या कलमाखाली त्याला ती परत मिळवून दिली. ती रक्कम एकदाच भरायची होती, म्हणून तिथे न्यायालयाला हात देता आला. दर महिन्याचे भाडे कोणतेही न्यायालय भरणार नाही. त्या तगाद्यापायी शिक्षण सोडलेल्या मुलांची बातमीही होत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागावे, याचे दुःख अधिक आहे. शिक्षणाचा प्रसार आपल्याकडे वसतिगृहांतून झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या पोराची शाळा जेवणापाशी आणि झोपण्यापाशी अडते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीने १९५५ पासून हेच काम चालवले. त्याआधीच्या पिढ्या माधुकरी मागून नाहीतर वार लावून जेवून शिकल्या. त्या लाजिरवाण्या परावलंबनातून मुलांना सोडवणे हा या वसतिगृहांचा मोठा अर्थ होता.

दिल्लीत राहून शिकणाऱ्यांना राज्याने मदत करावी, यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. राज्यातच वसतिगृहे अपुरी असताना महाराष्ट्राच्या करदात्याने दिल्लीतल्या खाटांचे पैसे का द्यावेत? शाहू महाराजांनी नाशिक, पुणे, नगर, नागपूर अशा आपल्या संस्थानाबाहेरच्या वसतिगृहांनाही मदत केली. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्या रकमेने बडोद्यात एखादी शाळा चालली असती, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. शिवाय इथे प्रश्न थोड्या विद्यार्थ्यांचा आहे, राज्यातल्या वसतिगृहांच्या तुलनेत खर्च किरकोळ राहील. दुसरा आक्षेप असा की परवडत नसेल तर गावाजवळ शिकावे. केंद्रीय विद्यापीठे साऱ्या देशाच्या पैशावर चालतात. त्यांची परीक्षा देशभर एक आणि तिथे राहण्याची ऐपत मात्र मोजक्यांची, ही व्यवस्था न्याय्य कशी म्हणावी? जेएनयूने २०१९ मध्ये वसतिगृहाचे भाडे २० रुपयांवरून ६०० करायचे ठरवले, तेव्हा ‘इतके स्वस्त कशाला’ म्हणून मुलांची हेटाळणी झाली. त्याच विद्यापीठाच्या २०१७-१८च्या अहवालानुसार नव्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या घरचे मासिक उत्पन्न १२ हजारांच्या आत होते. स्वस्त खाट नसती तर ती मुले तिथे दिसलीच नसती.

दिल्ली विद्यापीठाने आपल्या प्रवेश पोर्टलवर मुले पसंतीक्रम भरतात तेव्हाच प्रत्येक महाविद्यालयासमोर खाटांची संख्या, त्या किती वर्षांसाठी मिळतात आणि वसतिगृहाचा वार्षिक खर्च छापावा, आणि प्रवेशाबरोबरच खोलीचाही निकाल द्यावा. केंद्राने नवे अभ्यासक्रम मंजूर करताना निवासाची तरतूद मागावी. ईशान्येकडील विद्यार्थ्यांचा विचार करून जेएनयूत बराक वसतिगृह उभे राहिले, तर महाराष्ट्रालाही केंद्राशी बोलून असे करता येईल. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या पुढाकाराने जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाचे मराठी अध्यासन सुरू झाले, त्याचा आनंद आहेच. त्या अध्यासनात शिकायला नांदेडहून येणाऱ्या मुलाची सोयही त्याच पुढाकाराने लावायला हवी. जमीन आणि इमारतीला वर्षे लागतील. स्वाधार आणि पंजाबराव देशमुख भत्त्याच्या अटींत दिल्लीतल्या केंद्रीय विद्यापीठांचा समावेश करायला एक शासन निर्णय पुरतो, आणि तो पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी निघायला हवा.