शाळेच्या गोड आठवणी कुणाला हव्यात?

तळोज्यातल्या एका सोसायटीत मुलांसाठी पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरलं. मी नागराज मंजुळेंचा 'फँड्री' सुचवला. या आठवड्यात समितीने तो नाकारला. शाळेच्या गोड आठवणींचं काहीतरी हलकंफुलकं हवं म्हणे. रोज शाळेत जाणाऱ्या पोरांना शाळेच्या आठवणी कशाला? त्या हव्यात चाळिशीतल्या आईबापांना. या स्मरणरंजनाने आपल्या शालेय सिनेमाचं वाटोळं केलं, हे मी लिहीतच आलो आहे.

'फँड्री' रडका आहे, हाही मोठ्यांचाच समज. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटा लावणारा, काळ्या चिमणीच्या राखेसाठी रानोमाळ हिंडणारा जब्या भरपूर हसवतो. मग जातीपायी त्याच्या घरावर शाळेजवळच डुकरं धरायची वेळ येते. वर्गातली पोरं हसतात आणि आपणही हसत असतो. डुक्कर हाती येणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, बाप थबकतो, अख्खं घर ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं.

हा प्रसंग पाहताना मला दर वेळी टॉड सोलाँड्झचा 'वेलकम टू द डॉलहाउस' (१९९५) आठवतो. न्यू जर्सीतली सातवीची डॉन. सिनेमा सुरू होतो तेव्हा ती जेवणाचं ताट घेऊन उभी असते आणि कुठे बसावं ते तिला कळत नाही. शेवटी सहलीच्या बसमध्ये सगळ्यांबरोबर शाळेचं गाणं म्हणते. दोन्हीकडे गाणं सर्वांचं, अपमान मात्र एकट्याचा. फरक आहे तो सुटकेचा. डॉन मोठी झाली की कदाचित सुटेल. जब्याची जात वयाबरोबर जाणार नाही, म्हणून त्याच्या हातात दगड येतो आणि तो थेट प्रेक्षकावर भिरकावला जातो. नागराज मंजुळेंनी आपल्याला आधी मनसोक्त हसू दिलं, म्हणूनच तो लागतो.

तळोज्यातल्या वर्गांत गावठाणातली आणि सेक्टरमधली मुलं एकत्र बसतात. डबा खाताना कोण कुणाजवळ सरकतं, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांना जब्या झेपणार नाही, हे कुणी ठरवलं?

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. 'शाळा'तली शिरोडकर, 'टाइमपास'मधली प्राजक्ता, 'फँड्री'तली जवळपास न बोलणारी शालू, या सगळ्या मुलग्याने बघायच्या मुली. चष्मेवाली, कुणालाच नको असलेली, चिडकी, प्रसंगी स्वतःही दुष्टपणा करणारी डॉन मराठी पडद्यावर नायिका झालेली मला आठवत नाही. ती आठवीच्या प्रत्येक तुकडीत बसलेली असते. तिच्यावर कुणीतरी सिनेमा लिहायला घ्या.