विश्वस्तांच्या बाकावर कोण?

गेल्या महिन्यात सुरतेस जाण्याचा योग आला. माझ्याकडे काही वर्षे गाणे शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे बिऱ्हाड आता गोडादऱ्यास आहे. सुरतेच्या पूर्वेकडील हा भाग, लिंबायत आणि डिंडोलीला लागून. कापडाच्या धंद्यामुळे खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे येथे नि आसपास राहतात, आणि संध्याकाळी ओट्यावर बसले की कानावर गुजरातीइतकीच अहिराणी पडते. दांडिया बाजारातील आपली मराठी तेवढी खरी, असे मानणारी मंडळी आपल्या बडोद्यात अजून आहेत. त्यांनी एकदा तेथे चार दिवस राहून यावे.

बोलता बोलता २०२० सालचा विषय निघाला. त्या वर्षी साथीत गेलेल्या माणसांना नातेवाईकही हात लावावयास धजत नव्हते. तेव्हा सुरतेत महापालिकेच्या विनंतीवरून हे काम अंगावर घेतले ते अब्दुल मलबारी आणि त्यांच्या एकता ट्रस्टच्या स्वयंसेवकांनी. बेवारस प्रेतांची व्यवस्था लावण्याचे काम ते त्यापूर्वी तीन दशके करीतच होते. मृताच्या धर्माप्रमाणे दफन किंवा दहन, हा त्यांचा शिरस्ता. यजमानांचे वडील मूळचे धुळ्याकडचे, सत्तरीचे. ते म्हणाले, "गुरुजी, गाडीवर दिसणारी माणसे सगळ्यांना ठाऊक असतात. पण अशा संस्थांच्या मागे कमिटीत कोण बसतो, ते कोणी विचारत नाही. गाडीचे पेट्रोल कोठून येते?"

म्हाताऱ्याने नेमके मर्मावर बोट ठेवले. हा प्रश्न त्या एका ट्रस्टपुरता नाही. मुसलमान समाजाच्या सेवाभावी संस्थांविषयी वर्तमानपत्रांत हल्ली पुष्कळ छापून येते. कौतुकही येते, संशयही येतो. ह्या संस्था चालविणाऱ्या विश्वस्त मंडळांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मैफलीत तंबोऱ्याला टाळी पडत नाही, हे खरे. पण तो उतरला की गवयाचे काय होते, हे आम्ही गाणारे लोक जाणतो.

आधी व्यवहार पाहू. अशा संस्थेकडे येणारा पैसा एका जातीचा नसतो. जकात म्हणजे शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. तो कोणास द्यावा ह्याचे आठ वर्ग कुराणात सांगितलेले आहेत, आणि बहुतेक धर्मशास्त्र्यांच्या मते तो गरजू मुसलमानांसच द्यावयाचा. तो इमारतीवर किंवा कारकुनाच्या पगारावर खर्चावा की नाही, ह्याविषयीही वाद आहेत. ह्याहून निराळी ऐच्छिक देणगी, ती कोणाच्याही उपयोगी पडू शकते. बकरी ईदची कातडी विकून येणारी रक्कम हे एके काळी अनेक मदरशांचे आणि अनाथालयांचे भरवशाचे उत्पन्न होते; गेल्या दहा वर्षांत कातड्याचे भाव इतके उतरले की पुष्कळ ठिकाणी ते गोळा करण्याचा खर्चही निघेनासा झाला. आता एखाद्या संस्थेस रुग्णवाहिका घ्यावयाची आहे आणि ती सर्व धर्मांच्या रोग्यांसाठी फिरवावयाची आहे. जकातीच्या पैशातून ती घ्यावी काय? ज्याला हिशोब कळतो पण मसला कळत नाही, तो चुकेल. ज्याला मसला कळतो पण हिशोब कळत नाही, तोही चुकेल. म्हणून चांगल्या मंडळात मौलवी, व्यापारी आणि वकील एका सतरंजीवर बसलेले दिसतात, आणि एकमेकांना अडवतात. ही अडवणूकच संस्थेस वाचवते.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम निघाली, तेव्हाही नेमके हेच झाले. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन हे तिच्या संस्थापकांत होते. एक बॅरिस्टर, दुसरे सॉलिसिटर. घराणे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा, म्हणजे मुसलमानांतही अल्पसंख्य. त्यांच्या जोडीला नाखुदा महंमदअली रोघे, कोकणी मुसलमानांतील मोठे असामी. जमाती निराळ्या, बोली निराळ्या, मशिदीही निराळ्या. तरी शाळेसाठी एकत्र बसले. पुढे १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रसभेचे अध्यक्षपद ह्याच बद्रुद्दीनांकडे गेले. अंजुमन आजही चालू आहे, आणि तिचे अध्यक्ष डॉ. जहीर काझी ह्यांस २०२४ साली पद्मश्री मिळाली. दीडशे वर्षे टिकलेल्या संस्था आपल्या देशात फार नाहीत. एका माणसाच्या पुण्याईवर ती इतकी वर्षे उभी राहिली असती असे मला वाटत नाही.

तय्यबजींचे नाव निघाले की बडोदेकराने मान ताठ करावी. बद्रुद्दीनांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोद्यात १८५४ साली जन्मले आणि येथील वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. निवृत्तीनंतर पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीत ते गांधीजींबरोबर होते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींस अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व ह्या शहात्तर वर्षांच्या वृद्धाकडे आले, आणि १२ मे रोजी त्यांनाही पकडले. त्यांची कन्या शरीफा, विवाहानंतर बेगम शरीफा हमीद अली, ह्यादेखील बडोद्याच्याच. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यास भरली, तेव्हा पहिल्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या. त्याच परिषदेचे अध्यक्षपद पुढे शरीफाबेगमांनीही भूषविले; आणि १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगावर भारतातर्फे त्याच बसल्या. म्हणजे मुसलमान बाईने मंडळावर बसावे, तेही जगाच्या, ही गोष्ट बडोद्यात जन्मलेल्या स्त्रीने करून दाखविलेली आहे. आजच्या एखाद्या लहान सेवासंस्थेच्या मंडळात अकरा पुरुष आणि शून्य स्त्रिया दिसल्या, आणि त्या संस्थेचे काम विधवांच्या मदतीचे असले, की मला शरीफाबेगमांची आठवण होते. विधवेची अडचण अकरा पुरुषांसमोर कशी मांडली जाणार? हे बोल लावताना मी आपल्या देवस्थानांच्या पंच कमिट्या विसरलेलो नाही. तेथेही बाकावर लुगडे क्वचितच दिसते.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान विद्यार्थ्यांना आधी मराठा बोर्डिंगात घेऊन पाहिले. मग १९०६ साली शहरातील मुसलमान मंडळींस बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढविली, आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातील त्याची वास्तू कोल्हापूरला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असेल. जागा आणि पैसा दरबारने दिला. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही महाराजांनी हात सैल सोडला. एक हिंदू राजा मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. कोणास खटकले नाही. का खटकले नाही, ह्याचा विचार आज अगत्याने करावयास हवा, कारण हाच प्रश्न सध्या दिल्लीत गाजतो आहे.

वक्फ कायद्यातील दुरुस्ती एप्रिल २०२५ मध्ये अमलात आली. केंद्रीय वक्फ परिषदेवर आणि राज्यांच्या वक्फ मंडळांवर मुसलमानेतर सदस्य असावेत, अशी त्यात तरतूद आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सांगितले की बावीस जणांच्या केंद्रीय परिषदेवर असे सदस्य चारांहून अधिक नसावेत, आणि अकरा जणांच्या राज्य मंडळावर तिहींहून अधिक नसावेत. काही कलमांस स्थगितीही दिली. वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लाम पाळलेला असावा, हे त्यांपैकी एक.

कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कारभार बिघडला म्हणून हात घालावा लागला. ह्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. २००६ सालच्या सच्चर समितीने देशातील नोंदलेल्या वक्फ मिळकती सुमारे ४.९ लाख सांगितल्या, त्यांचे वार्षिक उत्पन्न केवळ १६३ कोटी, आणि नीट कारभार झाल्यास ते १२,००० कोटी होऊ शकेल असा अंदाज दिला. हा फरक कोणाच्या तरी खिशात गेला, किंवा कोणाच्या तरी आळसात. खुद्द सुरतेत महापालिकेची कचेरी ज्या मुगलीसरा वास्तूत आहे, ती शहाजहानच्या काळात, १६४४ च्या सुमारास, यात्रेकरूंची सराई म्हणून बांधलेली. गुजरात वक्फ मंडळाने २०२१ मध्ये ती वक्फ ठरविली आणि २०२४ मध्ये वक्फ न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द केला. ज्या मंडळाने आपल्या ताब्यातील भाड्याच्या खोल्यांची वसुली आधी नीट लावावी, ते महापालिकेच्या कचेरीवर हक्क सांगते, हे पाहून सामान्य माणूस बिथरतो. बिथरू नये, पण बिथरतो.

तथापि दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. वक्फ मंडळ निराळे आणि सेवाभावी ट्रस्ट निराळा. मंडळ हे राज्याने नेमलेले देखरेखीचे साधन. ट्रस्ट हा चार माणसांनी आपणहून उचललेला भार. मुंबई इलाख्यात १९५० साली झालेला सार्वजनिक विश्वस्त कायदाच महाराष्ट्रात आणि आपल्या गुजरातेत, थोड्या फरकाने, आजतागायत चालतो, आणि बहुतेक सेवासंस्था त्याखाली नोंदलेल्या असतात. नव्या वक्फ दुरुस्तीनेही अशा नोंदलेल्या ट्रस्टांस वक्फ मानू नये असे म्हटले आहे. म्हणजे गोडादऱ्यातील किंवा बडोद्यातील एखाद्या मुसलमान ट्रस्टवर बाहेरचा माणूस बसविण्याचा प्रश्न ह्या दुरुस्तीने उद्भवत नाही. वर्तमानपत्रे वाचून घाबरलेल्या काही विश्वस्तांस हे ठाऊक नव्हते, असे मला सुरतेत दिसले.

आणि शाहू महाराजांचे? महाराज अध्यक्ष झाले ते आधी झोळी रिकामी करून. रोजचा कारभार मुसलमान मंडळींनीच पाहिला. भोजनगृहात काय शिजावे, नमाजाची वेळ कोणती, ह्यात राजाने नाक खुपसले नाही. बाहेरचा माणूस मंडळावर चालतो की नाही, हे तो कोणत्या दाराने आला ह्यावर ठरते. बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा मौलाबक्षांच्या हाती दिली, तेव्हा ब्राह्मणांची मुले त्यांच्यापुढे बसून शिकली. तेथेही बोलावणे होते, वरून लादणे नव्हते. कायद्याने तीन खुर्च्या राखून ठेवता येतात. त्या खुर्च्यांत बसणारा महाराजांसारखा झोळी घेऊन येईल, की फक्त वही तपासावयास येईल, हे कायद्याच्या हातात नाही. मला विचाराल तर अशा खुर्च्या मुसलमान संस्थांनी आपणहून द्याव्यात. एखादा हिंदू सनदी हिशोबनीस, एखादा पारशी डॉक्टर. त्यांच्या बसण्याने संस्थेचा धर्म बुडत नाही, आणि बाहेर पसरणाऱ्या अर्ध्या अफवा जागीच मरतात. तसेच आपल्या मंडळांनीही एखाद्या मुसलमान गृहस्थास बोलवावे. येथे आपला हात आखडतो, हे कबूल करावे लागेल.

मंडळे बिघडतात कशी, हे मी लांबून सांगत नाही. एका संगीतसंस्थेच्या कार्यकारिणीवर मी सात वर्षे होतो. नाव सांगत नाही. अध्यक्षांनंतर त्यांचे चिरंजीव आले, खजिनदारांनंतर त्यांचे जावई. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कचेरीस कळवावे लागते. आम्ही चार वर्षे कळविले नाही, कारण सही कोणी करावयाची ह्यावर दोन गट पडले होते. बँकेने खाते गोठविले. तबलजीचे मानधन त्या वर्षी मी आणि आणखी दोघांनी खिशातून दिले. कोणी पैसे खाल्ले नव्हते. फक्त कोणास उठावयाचे नव्हते. मुसलमान संस्थांची भांडणे निघाली की आपल्याकडे माना हलतात. त्या माना हलविणाऱ्यांनी आपल्या मंदिराचा, वाचनालयाचा शेवटचा फेरफार अर्ज कधी मंजूर झाला, ते एकदा पाहून घ्यावे.

उलट चांगलेही घडते. २०२० च्या रमजानात इचलकरंजीच्या मुसलमानांनी सुमारे ३६ लाख रुपये जमवून तेथील सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. हा पैसा सणाच्या खरेदीतून वाचविलेला. तो मशिदीच्या मिनाऱ्यास न जाता सरकारी दवाखान्यास गेला, जेथे रोगी कोणत्याही जातीचा येणार. अशा निर्णयामागे कोठेतरी एक रात्रीची बैठक असते, तीत कोणीतरी विरोध केलेला असतो, आणि कोणीतरी त्याची समजूत घातलेली असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी मला लिंबायतच्या बाजूला एका लहानशा ट्रस्टच्या कचेरीत नेले. दोन खोल्या, एक कपाट, औषधांचे खोके. दाराशी फळ्यावर महिन्याचा हिशोब लावलेला: जकात एका रकान्यात, इतर देणगी दुसऱ्यात, खर्च तिसऱ्यात, खाली विश्वस्तांची नावे. गुजरातीत आणि उर्दूत. यजमान सेक्रेटरींना म्हणाले, "भाई, औषध घ्यायला आमची खानदेशी माणसेही येतात. त्यांना हे वाचता येत नाही." सेक्रेटरींनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, आप लिख दीजिए, कल लगा देंगे."

त्या रात्री बसून मी तो हिशोब मराठीत उतरविला. "इतर देणगी" ह्या रकान्यात मागच्या महिन्यात एक नाव मराठी होते, एकशे एक रुपये.